मोटारीची निगा : नवशिक्यानें काय घ्यावें ?

घरांत नवी वस्तु आली म्हणजे तिची निगा राखण्याचा भार बहुधा घरांतील निवृत्त माणसाकडे येतो, आणि तो माणूस तो मोठ्या हौसेनें उचलतो. तीन वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या सूनबाईंनीं स्वतःच्या पगारांतून हप्ते ठरवून एक गडद निळी मोटार घेतली. पूजा झाली, पेढे वांटले, आणि दुसऱ्याच दिवसापासून आम्ही जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यानें ती रोज सकाळीं पुसूं लागलों. रविवारीं भांड्यांच्या साबणानें धुऊंही लागलों. वर्ष भरण्याच्या आंत मोटारीच्या टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक ओरखडे उन्हांत दिसूं लागले. सूनबाई एका शब्दानें बोलल्या नाहींत. नातवानें मात्र विचारलें, "आजोबा, तुम्ही रोज पुसतां, तरी आपली गाडी शेजारच्यांच्या गाडीपेक्षां जुनी कां दिसते ?" या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्ही जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या लहानपणीं कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी मोटार घासतांना फडक्यास गाडीचा रंग लागे, कारण वरचा थर रंगाचाच असे. हल्लींच्या मोटारींत पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नांवाचा पारदर्शक लेप असतो. जी लकाकी आपणांस दिसते ती या लेपाची. याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा डोक्याच्या केसाहूनही कमी असते. उलट, रस्त्यावरील धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात. खनिजांचें काठिण्य मोजण्याच्या मोसच्या मापावर गारेचा अंक ७ आहे. ती काचेवरही ओरखडा काढते. असे कण कोरड्या फडक्याखालीं दाबून फिरविणें म्हणजे मोटारीस कानसच लावणें होय. मळानें मोटारीची जेवढी हानि झाली नव्हती, तेवढी आमच्या सेवेनें झाली !

शास्त्रकारांचा पंकप्रक्षालनन्याय येथें थोडा उपयोगी पडतो : चिखलास हात लावून मग तो धूत बसण्यापेक्षां त्यास न शिवणें बरें. म्हणून पहिलें साधन दुकानांत मिळत नाहीं. तें म्हणजे पाणी. हात लावण्यापूर्वीं पुष्कळशी धूळ पाण्यानें वाहूं द्यावी. यानंतर खरेदीचा विचार.

आरंभीं पांच वस्तु पुरतात. पहिली, मोटारीसाठीं केलेला शाम्पू. तो उदासीन, म्हणजे पी. एच. ७ च्या आसपासचा असावा. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठींच केलेला असल्यानें तो मोटारीवरील मेणही काढून टाकतो. दुसरी, मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा. तिसरी, दोन बादल्या : एकींत शाम्पूचें पाणी, दुसरींत साधें. मोजा एक भाग धुऊन झाला कीं आधीं साध्या पाण्यांत खळबळावा आणि मगच शाम्पूंत बुडवावा, म्हणजे काढलेली रेती पुन्हां मोटारीवर जात नाहीं. चौथी, मायक्रोफायबरचीं चार फडकीं. हें कापड पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या तंतूंचें असतें. वेष्टनावर ८०-२० असें प्रमाण आणि चौरस मीटरास ३०० ते ४०० ग्रॅम वजन पाहून घ्यावें. पांचवी वस्तु, पातळ मेण.

फडक्यांच्या बाबतींत सोंवळें-ओंवळें कडक पाळावें. अंगाचें, कांचेचें, आंतील भागाचें व चाकांचें फडकें वेगवेगळ्या रंगाचें असावें. जमिनीवर पडलेलें फडकें धुतल्याशिवाय मोटारीस लावूं नये. हीं फडकीं सुती कपड्यांबरोबर धुऊं नयेत, आणि कपडे मऊ करणारें द्रव्य त्यांस लावूं नये. त्यानें पाणी शोषण्याची त्यांची शक्ति कमी होते.

मोटार सावलींत, पत्रा थंड असतांना, टपापासून खालीं अशी धुवावी. चाकें निराळ्या ब्रशानें धुवावीं. बोअरचें पाणी जड असल्यास तें अंगावर वाळूं देऊं नये. त्यांतील क्षारांचे पांढरे डाग पडतात. पक्ष्यांची विष्ठा खरवडूं नये. त्यावर ओलें फडकें कांहीं मिनिटें ठेवावें आणि मऊ झाल्यावर अलगद उचलावी.

नवशिक्याचा मोठा घोटाळा मेण आणि पॉलिश यांत होतो. मेण वर बसतें व लेपाचें रक्षण करितें. ब्राझिलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारें कार्नोबा मेण याच कामाचें. पॉलिशमध्यें मात्र घासणारे कण असतात. तें लेपाचा अल्पसा भाग खरवडूनच ओरखडे नाहींसे करितें. अर्थात् तें दर महिन्यास वापरण्याची वस्तु नव्हे. आंत डॅशबोर्डावर तेलकट चकाकी आणणारें द्रव्यही आम्ही वर्ज्य समजतों. उन्हांत त्याचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडून डोळे दिपतात. चालकचक्रास वा पायाखालच्या पट्ट्यांस तें लागल्यास हातपाय घसरण्याचें भय. तेथें ओलसर फडकें पुरे.

आमच्या हातून झालेले ओरखडे शेवटीं एका कुशल कारागिरानें यंत्रावर पॉलिश करून पुष्कळसे घालविले. परंतु पैसे घेतांना तो म्हणाला, "आजोबा, हें वारंवार करतां येणार नाहीं. वरचा थर एकदां संपला कीं संपला." त्या रात्रीं आम्ही सूनबाईंजवळ आपली चूक स्वतः कबूल केली. त्या हंसून म्हणाल्या, "मामंजी, रोज पुसूं नका. रविवारीं आपण दोघं मिळून धुऊं." तेव्हांपासून सहा दिवस मोटारीवर धूळ असते, आणि ती पाहून स्वस्थ बसणें हीच आमची मोटारसेवा झाली आहे.