हवापाणी आणि काशीवास

नव्या गावी बिऱ्हाड करण्याचा विचार मनात आला, की मराठी माणूस पहिली चौकशी करतो ती तिथल्या हवापाण्याची. 'हवापाणी' हा आपला जोडशब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्यात केवळ तापमान आणि पाऊस येत नाही. विहिरीचे पाणी, अन्न पचणे, झोप लागणे, सांधे दुखणे या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. हवापाण्याला लागणारे आपले क्रियापदही तितकेच सूचक आहे. गाव चांगले की वाईट असे आपण क्वचितच म्हणतो. ते 'मानवले' किंवा 'मानवले नाही' असे म्हणतो. म्हणजे निर्णय एकट्या गावाचा नसतो, तो गाव आणि माणूस या दोघांच्या संबंधाचा असतो.

हा विषय मी अभ्यासासाठी निवडला असे म्हणणे खरे होणार नाही. तो माझ्याकडे घरातून आला. अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी वाराणसीला आल्यावर पुण्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईने इथे येऊन राहण्याची इच्छा व्यक्त केली. तिला जुना दमा आहे. काशीवासाची ओढ तिला लहानपणापासूनची. परंतु फोनवर तिने मला विश्वनाथाविषयी किंवा गंगेविषयी काही विचारले नाही. तिने विचारले, "तिकडे जानेवारीत दुपारी अंगणात ऊन येते का गं?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि ते शोधताना जे हाती लागले त्याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१

स्थलनिवडीचा शास्त्रीय विचार फार जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'हवा, पाणी आणि स्थळे' या ग्रीक ग्रंथात अनोळखी नगरात जाणाऱ्या वैद्याला एक उपदेश केला आहे. तिथले ऋतू कसे पालटतात, वारे कुठून वाहतात, पाणी कोणते आहे आणि नगराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे त्याने आधी पाहावे. एवढ्यावर ग्रंथकार थांबत नाही. लोक कसे राहतात, काय खातात-पितात, कष्ट करतात की आळसात दिवस घालवतात, हेही त्याने पाहावे, असे तो सांगतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदांचा विनाश करणाऱ्या रोगांची चर्चा आहे. तिथे वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी आजारी पडतात, असे प्रतिपादन आहे. दोन्ही परंपरांतील याद्या जवळजवळ एकच आहेत, हे साम्य लक्षणीय आहे.

आयुर्वेदाने यात आणखी एका संकल्पनेची भर घातली, ती 'सात्म्य' ही होय. जे शरीराला मानवते ते सात्म्य. सवयीने जे मानवू लागते त्याला 'ओकसात्म्य' असे स्वतंत्र नावच आहे. 'मानवणे' या मराठी क्रियापदामागे हाच विचार आहे. हवा मोजता येते, सात्म्य मात्र जगून पाहावे लागते. आणि वय वाढते तशी सवय लावून घेण्याची शरीराची शक्ती कमी होते. उतारवयात गाव बदलणाऱ्याची खरी अडचण इथे आहे.

२

मराठी माणसांनी काशीची निवड हवापाणी पाहून केली नाही, हे इतिहासावरून स्पष्ट दिसते. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला येऊन स्थायिक झाले. 'त्रिस्थलीसेतु'कार नारायणभट्ट हे त्यांचे पुत्र. १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पूर्ण करणारे कमलाकरभट्ट आणि १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे याच घराण्यातले. नाथांच्या भागवताची समाप्तीही १५७३ मध्ये काशीतच झाली. पुण्यात जन्मलेले ज्योतिर्विद बापूदेवशास्त्री एकोणिसाव्या शतकात इथल्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. या साऱ्यांना इथे आणले ते विद्येने, धर्माने किंवा वृत्तीने. पुढच्या पिढ्यांना मात्र काशी हे निवडलेले गाव राहिले नाही. ते त्यांचे जन्मगाव झाले. १८८३ मध्ये इथेच जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक अध्वर्यू ठरले.

स्थलनिवडीच्या दोन भिन्न दृष्टी एकाच माणसाच्या चरित्रात समोरासमोर आलेल्या दिसतात. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाला. त्या वेळच्या अटींत, पेशव्याने काशी किंवा उत्तरेतील अन्य एखाद्या पवित्र स्थळी राहावे, असे एक कलम होते. शेवटी बाजीराव गंगाकाठच्या ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला गेला आणि त्याचा भाऊ चिमाजी आप्पा काशीला आला. या आप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका, पुढची झाशीची राणी, काशीतच जन्मली. पदच्युत राजाला राहण्याजोगे स्थळ कोणते, याचे उत्तर त्या करारात 'तीर्थ' असे होते.

पुढे दहा वर्षांनी हाच माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी थंड हवेचे ठिकाण शोधले गेले. १८२९ मध्ये सातारच्या छत्रपतींना खंडाळा हे गाव देऊन महाबळेश्वर कंपनी सरकारने घेतले, आणि तिथल्या वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. महाबळेश्वर हे कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र. तिथे यात्रा पूर्वीपासून भरत होती. डोंगर तोच राहिला, पण त्याच्याकडे जाण्याचे कारण बदलले. आपल्या मध्यमवर्गाने पुढे ही दुसरी दृष्टी आत्मसात केली. निवृत्तीनंतर कोरड्या, समशीतोष्ण हवेसाठी पुणे किंवा नाशिक गाठायचे, हा शिरस्ता त्यातूनच रूढ झाला.

दोन्ही दृष्टींत एक मूलभूत भेद आहे. काशीवासी क्षेत्रसंन्यास घेत असे, म्हणजे क्षेत्राची सीमा पुन्हा न ओलांडण्याचे व्रत घेत असे. त्याला परतीचा विचार नव्हता. देह तिथेच ठेवायचा हे ठरलेले असे. हवापालट करणाऱ्याला देह अधिक काळ टिकवायचा असतो. पहिल्याला हवा प्रतिकूल असली तरी तक्रार नव्हती. दुसऱ्याला हवेखेरीज दुसरे प्रयोजन नव्हते. आजचा निवृत्त माणूस या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याला देवळाची घंटा हवी असते आणि रात्रीची शांत झोपही हवी असते.

३

आता प्रत्यक्ष हवेचा विचार करू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सागरापासून फारसे दूर नसलेले शहर आहे. वाराणसीची उंची जेमतेम ८० मीटर, आणि समुद्र दोन्ही अंगांनी दूर. वर्षाचा पाऊस पुण्यात साधारण ७०० मिलिमीटर, तर वाराणसीत १००० मिलिमीटरच्या आसपास. परंतु सरासरीच्या या आकड्यांवरून राहणाऱ्याला फारसे कळत नाही. कोणता ऋतू किती लांबतो, हे त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

पुण्यात उन्हाळ्याचा कडाका एप्रिलमध्ये असतो. मे महिन्यात पश्चिमेचा दमट वारा संध्याकाळी गावात शिरतो, एखादा वळीव पडतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. वाराणसीत मे महिन्यातच ताप शिगेला पोचतो, पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पावसासाठी जूनच्या विसाव्या तारखेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे इथला उन्हाळा लांबही आहे आणि त्याचा शेवट अधिक कडकही. वायव्येच्या तापलेल्या भूमीवरून येणारा कोरडा वारा, ज्याला इथे लू म्हणतात, तो याच दिवसांत वाहतो. पाऊस आल्यावर पुण्यात हवा गार होते, दुपारीही पारा बहुधा तिशीच्या आत राहतो. इथे तो दोनतीन अंशच वर असतो, पण हवेत ओल भरलेली असते आणि घाम वाळत नाही. 'उमस' हा इथला शब्द आपल्या 'उकाड्या'हून अधिक चिकट आहे, हे मला पहिल्याच श्रावणात कळले.

हिवाळ्याविषयी महाराष्ट्रात मोठा गैरसमज आहे. जानेवारीतील रात्रीचे किमान तापमान पाहिले तर पुणे आणि वाराणसी यांत अंतर थोडेच आहे. फरक आहे तो दिवसाचा. पुण्यात पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारी पारा तीस अंशांकडे जातो. इथे पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांचा पाऊस पडून गेला, की ओल्या मैदानावर थंड हवा जमिनीलगत साचते आणि वरचा उबदार थर तिला झाकणासारखा दाबून ठेवतो. त्यात धुके अडकते, त्याबरोबर धूर आणि धूळही अडकते. असे दिवस लागोपाठ आले तर सूर्य दिसत नाही आणि दुपारचे तापमान पंधरा अंशांच्या खालीच राहते. शिवाय इथली जुनी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली: उंच छत, दगडी फरशी, जाड भिंती. मे महिन्यात वरदान ठरणारी ही फरशी जानेवारीत पायांतून हाडांपर्यंत पोचते. दमेकऱ्याला थंडीहून ही अडकलेली हवा अधिक बाधक होते. आईचा प्रश्न किती नेमका होता, हे मला पहिल्या जानेवारीत उमगले.

म्हणून एका ऋतूत गाव पाहून निवड करणे धोक्याचे असते. मिर्झा गालिब कलकत्त्याला जाताना वाटेत काशीत थांबला, तिच्यावर लुब्ध झाला आणि तिच्यावर त्याने 'चराग-ए-दैर' ही फारसी मसनवी रचली. तो कलकत्त्याला पोचला फेब्रुवारी १८२८ मध्ये; अर्थात त्याचा काशीतील मुक्काम लू सुटण्याच्या पुष्कळ आधीचा होता. त्याची स्तुती अस्सल आहे; पण ती प्रवाशाची आहे, रहिवाशाची नाही.

४

मग इतक्या प्रखर हवेत हे शहर शतकानुशतके सुखाने कसे नांदले? त्याचे उत्तर शहराच्या रचनेत आणि तिथल्या दिनक्रमात आहे. इथे गंगा उत्तरवाहिनी होते. तिचा पश्चिम काठ कंकरमिश्रित मातीचा, उंच आणि टणक. पूर्वेचा काठ सखल आणि वाळूचा. त्यामुळे वस्ती एकाच तीरावर झाली आणि नगराचे तोंड उगवतीकडे राहिले. सकाळचे ऊन घाटांवर पडते, आणि दुपारनंतर घाटावरच्या वाड्यांची सावली पायऱ्यांवर उतरते. मागच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मे महिन्यातही तळाशी ऊन फार वेळ टिकत नाही आणि लू आत शिरायला वाट सापडत नाही. पावसाळ्यात मात्र नदी पायऱ्या गिळीत वर येते. इथली धोक्याची पातळी ७१.२६ मीटर; १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. घाटालगत घर घेणाऱ्याने हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

दिनक्रमही हवेनुसारच बेतलेला आहे. स्नान आणि देवदर्शन पहाटे, कचौडी-जिलेबी सकाळी, उन्हाळ्याची दुपार बंद दाराआड, आणि खरा दिवस पुन्हा संध्याकाळी. रात्री माणसे गच्चीवर. नदीपलीकडे मोकळ्या जागी स्नान-भोजनासाठी जाण्याचा 'बहरी अलंग' हा बनारसी शौक गल्लीच्या कोंदटपणावरचा उताराच म्हणावा लागेल. दह्याच्या फेसाहून हलके असे दुधाचे मलइयो दवाच्या दिवसांतच होते. थंडी सरली की ते बाजारातून नाहीसे होते. पुण्यातील घड्याळ बरोबर घेऊन येणाऱ्याची इथे फार आबाळ होते. दुपारी दोन वाजता कामाला निघणाऱ्याला हे शहर निष्ठुर वाटते. पहाटे पाचला उठणाऱ्यावर ते प्रसन्न असते. गावाची निवड करणे म्हणजे एका दिनक्रमाची निवड करणे होय.

आणखी एक गोष्ट अशी, की आपण राहतो ते शहरात नव्हे, मोहल्ल्यात. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या विश्वविद्यालयाच्या परिसरात रुंद रस्ते, दाट वृक्षराजी आणि अंगणे आहेत. धुके विरले की ऊन थेट दारात येते, आणि रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तिथून सहासात किलोमीटरवर ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या जुन्या मराठी वस्त्या. तिथे शेजारणीशी मराठीत बोलता येते, गणेशोत्सव होतो, पंचगंगेचा घाट जवळ आहे. पण घराचे जिने उंच, आणि हिवाळ्यात अंगणापर्यंत ऊन येईलच असे नाही. एकीकडे प्रकाश आहे, दुसरीकडे सोबत. म्हातारपणी यातले अधिक आवश्यक कोणते, हे कोणत्याही वेधशाळेच्या तक्त्यात मिळत नाही.

५

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. हवापाणी विचारताना तीन प्रश्न वेगळे करावेत. या गावातील सर्वांत वाईट सहा आठवडे कोणते, आणि ते मला सोसतील का? ही हवा जो दिनक्रम मागते तो माझ्या वयाला झेपेल का? आणि त्या सहा आठवड्यांत माझ्या दाराशी कोण येईल? पहिल्याचे उत्तर मोजमापाने मिळते, दुसऱ्याचे सवयीने, आणि तिसऱ्याचे केवळ माणसांत राहून. क्षेत्रसंन्याशाला हे प्रश्न विचारावे लागत नव्हते, कारण त्याने परतीची वाट स्वतःच बंद केलेली असे. आपली वाट उघडी आहे. तिचा उपयोग करण्यात श्रद्धेला कमीपणा येतो असे मला वाटत नाही.

आईला मी हे सारे सांगितले, जानेवारीतील दुपारीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पंचांग मागवले. वसंतपंचमीला यायचे आणि रामनवमी झाली की परत जायचे, असे तिने ठरवले आहे. पुढचे पुढे पाहू, असे ती म्हणते. जागा परिसरात घ्यायची की ब्रह्माघाटावर, हे मात्र ती इथे आल्यावर, दोन्हीकडचे जिने स्वतः चढून पाहून ठरवणार आहे.