चाकावरचं बिऱ्हाड: कमी पैशात किनाऱ्याची सफर

आमच्या गटाच्या बाराजणी पाच दिवस कोकण किनाऱ्याने फिरून आलो, हे मागच्या कार्यक्रमात ओझरतं सांगितलं होतं. त्यावर गावोगावच्या गटांनी एकच विचारलं: पैसे किती लागले आणि काढले कुठून? आज तेच सगळं सांगतो.

आधी गाडीचं बोलू. मोबाईलवर तुम्ही कॅम्परव्हॅन पाहिली असेल. गाडीतच गादी, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मोठी गाडी असेल तर संडाससुद्धा. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी कॅराव्हॅन धोरण आणलं. पण त्या गाडीत चार ते सहा माणसं झोपतात आणि तिचं भाडं आपल्याला झेपणारं नाही. म्हणून त्यातली कल्पना तेवढी उचलली. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि आम्ही बाराजणीच बसलो. मागच्या सीटांवर वळकट्या, धान्याचे डबे, पाण्याचे कॅन, औषधांची पेटी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं चाकावर. फक्त झोपायला रात्री एखाद्या घराचं छप्पर.

आता पैसे. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. ती बचत आजारपणाला, बियाण्याला, शेळीला. सहलीसाठी अंतर्गत कर्ज काढणं आम्हाला पटत नाही, कारण फिरून आल्यावर हप्ता उरतो. म्हणून वेगळी सहल भिशी लावली: आठवड्याला ७५ रुपये, ५० आठवडे. एकीचे ३,७५० झाले, बाराजणींचे ४५,०००. मजुरीवर जाणाऱ्या दोघींना दर आठवड्याला जमत नव्हतं. त्यांनी ऊसतोडीच्या दिवसांत जास्त भरले, पावसाळ्यात थांबल्या. वहीत तारखेने लिहिलं की त्यात भांडण होत नाही.

खर्च असा मांडला. गाडी डिझेलसकट २०,०००, ड्रायव्हरदादांचा भत्ता २,०००, फेरीबोट, टोल, पार्किंगला १,५००. मुक्काम चार रात्री, दर माणशी २५० रुपयांनी १२,०००. दिवसातून एक थाळी, १३० रुपयांची, पाच दिवस, म्हणजे ७,८००. बेरीज ४३,३००. उरलेले १,७०० अडीअडचणीला.

गाडी ठरवताना एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण खरे पैसे तिथेच जातात. बाहेरगावचं भाडं किलोमीटरवर असतं, पण त्याला दिवसाचं 'किमान' लावतात, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३०० किलोमीटर. आपण किनाऱ्याने फिरतो तेव्हा दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या वर क्वचितच जातो. आमची गाडी जाऊन येऊन सगळी मिळून सहाशेच्या आसपास धावली. किमानाच्या हिशोबाने पाच दिवसांचे १,२५० किलोमीटर झाले असते आणि २२ रुपयांनी २७,५०० मोजावे लागले असते. म्हणून कुठून कुठे जाणार हे गावांच्या नावांसह कागदावर लिहून दिलं आणि ठोक भाडं ठरवलं. डिझेल कोणाचं, घाटाचे जादा पैसे आहेत का, दादांच्या झोपण्याची सोय कोण करणार, हेही त्याच कागदावर. लग्नसराई आणि शनिवार-रविवार टाळले तर गाडीवाले ऐकतात. आम्ही सोमवारी निघालो, शुक्रवारी परतलो. तारीख रथसप्तमीनंतरची धरली, कारण तोवर हळदीकुंकू आणि पुढे ज्वारीची काढणी.

गाडीची नंबरप्लेट पिवळी पाहिजे. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी असते, ती भाड्याने चालवायला परवानगी नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. 'आमच्या पुतण्याचा छोटा हत्ती आहे, मागे सतरंजी टाकू,' असं एका गटाने विचारलं होतं. नको. ती मालाची गाडी आहे, त्यात माणसं नेऊ नयेत.

स्वयंपाकाचा प्रश्न बऱ्याच चर्चेनंतर सुटला. गॅस बरोबर घ्यावा असं अर्ध्याजणींचं म्हणणं होतं. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराई स्टेशनात यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला आग लागून नऊजण गेले. डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरवर चहा-कॉफी करत होते. बंद गाडी, वर दागिन्यासारख्या बांधलेल्या वळकट्या, आणि त्यात सिलिंडर? ते नकोच झालं. मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या, मेतकूट, भाजलेले पोहे आणि गूळ एवढं घरून घेतलं. सकाळी मुक्कामाच्या घरी चहा, दुपारी डब्यातलं, संध्याकाळी थाळी. जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो तो असा.

रस्ता आम्ही निवडला तो दापोलीपासून रत्नागिरीपर्यंतचा. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून दापोली आणि हर्णै. हर्णैला समुद्रात सुवर्णदुर्ग उभा दिसतो आणि बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. आम्ही दीड तास तिथेच होतो. होड्या लागतात, मासळी वाळूवर उतरते, ढिगाभोवती बायका जमतात आणि बोली सुरू. भाव पाडायला, चढवायला, उधारी लक्षात ठेवायला या बायकांना वही लागत नाही. आमच्यातल्या भाजी विकणाऱ्या आक्का म्हणाल्या, "हितं मला कुणी फसवायचं न्हाई, पण मी पण कुणाला फसवू शकायची न्हाई." किल्ले, देवळं पाहिलीच, पण घरी येऊन सगळ्यात जास्त बोलणं झालं ते या लिलावाचं.

तिथून दाभोळ. इथे वाशिष्ठीची खाडी आडवी येते. गाडीसकट बोटीत चढायचं आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं. या बोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात. पाव तासाचं काम, रस्त्याने मात्र चिपळूणकडून भला मोठा वळसा. गाडी बोटीवर चढताना आणि उतरताना आपण खाली उतरून चालत जावं. पुढे गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून पुन्हा बोटीने जयगड. मग मालगुंड, गणपतीपुळे, आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. १८६६ साली जन्मलेले हे कवी शाळेत आपण पाठ केले होते, म्हणून तिथे थांबलो. गणपतीपुळ्यात गर्दी फार, तिथे मुक्काम करू नये असं आमचं मत. रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इतक्या लांब आणून ठेवलं आणि तो १९१६ मध्ये इथेच वारला. परतीला आंबा घाट.

आता मुख्य बोलते, कारण यावर कोणी बोलत नाही. बाई प्रवासाला निघाली की पाणी प्यायचं सोडते. लघवीला कुठे जायचं, ही धास्ती. दिवसभर आवरून धरायचं, मग जळजळ, ताप. आमच्यात दोघींना साखर होती, त्यांना तर हे अजिबात चालत नाही. म्हणून रस्ता आखताना आधी थांबे आखले: दोन-अडीच तासांच्या आत एक. एसटी स्टँड, मोठं देऊळ, पेट्रोल पंप, नाहीतर ज्या खाणावळीत जेवायचं ती. घाटात आणि खाडीकाठी पंप लांब लांब असतात, म्हणून दाभोळला बोटीच्या आधी आणि चिपळूणला घाट संपल्यावर थांबायचंच. दादांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "कुणी 'थांबवा' म्हटलं तर कारण विचारायचं नाही." त्यांनी पाचही दिवस विचारलं नाही. पाळीचे पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवायचे आणि मुक्कामाच्या घरी विचारून टाकायचे, वाळूत पुरायचे नाहीत.

मुक्कामासाठी घरगुती निवास बघावा, जिथे घरातली बाई स्वतः असते. फोन करताना तिच्याशीच बोला. मोठी खोली किंवा पडवी, आतून कडी, दोन संडास आणि आपलं अंथरूण आपलं, एवढं विचारून घ्या. अंथरूण आपलं म्हटलं की दर खाली येतो. महिलांनी चालवलेल्या अशा व्यवसायांसाठी पर्यटन विभागाचं 'आई' धोरण आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज काही मर्यादेपर्यंत सरकार देतं. किनाऱ्यावरचे गट ऐकत असतील तर त्यांनी जरूर चौकशी करावी.

समुद्रात उतरण्याबद्दल. आपण दुष्काळी भागातल्या बायका, आपल्याला विहिरीचं पाणी कळतं, समुद्राचं नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा येते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. कोकणातले लोक तिथीवरून वेळ काढतात आणि तिथी तर आपल्याला तोंडपाठ. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चारचे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हिशोब ढोबळ आहे, गावागावात थोडा फरक पडतो, म्हणून उतरण्याआधी तिथल्या कोळी माणसाला विचारावंच. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास जोर कमी, ती भांगाची भरती. ओहोटी लागली की पाणी आत खेचतं, तेव्हा घोट्याच्या वर जायचं नाही. साडी नेसून गुडघ्यापर्यंत गेलं तरी ओला काठ पायात अडकतो, तेव्हा सलवार-कुर्ता बरा. आणि गाडी वाळूवर न्यायची नाही. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक रुतलं की भरती वाट पाहत नाही.

एक राहिलं. भिशी चौदाजणींनी लावली होती. दोघींना शेवटच्या महिन्यात घरून नकार आला. एकीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, दुसरीला नवऱ्याने 'बायकांनी रात्री बाहेर राहायचं नाही' म्हणून अडवलं. आम्ही दोनदा घरी गेलो, गाडीचा कागद दाखवला, मुक्कामाच्या बाईंशी फोनवर बोलणं करून दिलं. नाही म्हणाले. दोघींचे ३,७५० रुपये पूर्ण परत केले आणि तशी नोंद वहीत आहे. भिशीचा नियमच तसा ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी पैसे लावणार नाही. यंदाची भिशी गुढीपाडव्याला सुरू झाली, मालवण-वेंगुर्ल्याकडे जायचं आहे. त्या दुसऱ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात ७५ रुपये आणून दिले. या वेळी बरोबर सासूबाईंचंही नाव दिलं आहे.