जुन्या चामडी पर्सचे नूतनीकरण आणि पुनर्विक्री : एक विचार

वापरलेल्या चामडी पर्स विकत घेऊन, त्या दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा व्यवसाय अमेरिकेत चांगलाच रुळला आहे. दुरुस्ती कोठे संपते आणि दोष झाकणे कोठे सुरू होते, हा त्यातील खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात 'कोच' या न्यूयॉर्कच्या कंपनीच्या जुन्या पर्सच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

1941 साली मॅनहॅटनमध्ये हा कारखाना सुरू झाला. पुढे माइल्स कान यांनी वापराने मऊ झालेल्या बेसबॉलच्या हातमोज्यावरून जाड, तरीही लवचीक चामडे घडविले. 1962 पासून बॉनी कॅशिन यांनी केलेल्या रचनांतून फिरकीचा पितळी खटका आला. या पर्सना बहुधा अस्तर नसे. त्यामुळे चामडे दोन्ही बाजूंनी स्वच्छ करता येते.

दुरुस्ती करणारे अशी पर्स चक्क पाण्यात बुडवितात! हे धाडस वाटले तरी त्यामागे रसायनशास्त्र आहे. कातड्यातील कोलॅजेन हे प्रथिन कमावणीमुळे स्थिर झालेले असते; केवळ पाण्याने ते नासत नाही. अपाय होतो तो अल्क आणि उष्णता यांमुळे. कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी, तर अंगाचा साबण अल्कधर्मी असतो. शिवाय ओले चामडे कडक उन्हात वा हीटरजवळ ठेवल्यास आक्रसून ताठर होते, आणि ती हानी भरून येत नाही. म्हणून सौम्य द्रावणाने धुऊन, आत टॉवेल भरून, सावलीत संथपणे वाळवावे लागते. धुण्यात गेलेला स्निग्धांश चामड्याच्या क्रीमच्या पातळ थराने परत द्यावा. (तेल ओतण्याचा मोह टाळलेला बरा, रंग काळवंडतो.) अस्तर किंवा पुठ्ठा असलेल्या पर्सना हा उपाय लागू नाही. पितळी कड्यांभोवतीचा हिरवा थर हा पुष्कळांना बुरशी वाटतो. वस्तुतः तो पितळेतील तांबे आणि चामड्यातील मेदाम्ले यांच्या संयोगाने बनतो, व पुसून निघतो.

भेगांचे मात्र तसे नाही. तेथे तंतूच तुटलेले असतात. भरण करून वर रंगलेप दिला की छायाचित्रात पर्स नवी दिसते. पण घडीवर ती पुन्हा फाटते. ग्राहकाची फसवणूक होते ती येथे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1947 मध्ये 'चॅम्पियन' स्पार्क प्लगच्या खटल्यात यासंबंधी मार्गदर्शक निर्णय दिला. दुरुस्त केलेले प्लग मूळ नावाने विकण्यास मुभा मिळाली, परंतु ते दुरुस्त वा वापरलेले असल्याचे स्पष्ट नोंदविण्याच्या अटीवर. दुरुस्ती फारच व्यापक असेल तर मूळ नाव वापरणेच अयोग्य ठरू शकते, असेही न्यायालयाने म्हटले. आपल्याकडील व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 मधील कलम 30(4) नुसारही, बाजारात आल्यानंतर वस्तूची स्थिती बदलली वा बिघडली असल्यास चिन्हधारक पुढील विक्रीस हरकत घेऊ शकतो. त्यामुळे धुणे आणि क्रीम लावणे ही देखभाल मानता येईल; परंतु कोपरे भरले, रंग चढविला अथवा पट्टा बदलला असल्यास, प्रस्तुत लेखकाच्या मते, ते किमतीशेजारीच लिहिले पाहिजे.