माझा फ्लॅश गॉर्डनचा पोशाख : कशाचा केला व कसा केला



२६ जानेवारीच्या विविध वेशभूषेत मी फ्लॅश गॉर्डन झाले होते. लाल कपडे आणि डोक्यावर काचेसारखा गोल, ती मीच. त्या दिवशी पुष्कळ जणांनी विचारले, "पोशाख कुठून आणला गं?" मी सांगितले, "पुण्याहून भाड्याने आणला." ते खोटे होते. तो पोशाख आम्ही घरी केला. त्यातले बहुतेक सामान खराडीच्या माझ्या मामाच्या भंगाराच्या दुकानातले आहे. मी खोटे बोलले तेव्हा मामा माझ्या मागेच उभा होता. म्हणून गुरुजींना विचारून मी यावेळी कविता न देता हा लेख देते आहे. यात सगळे खरे लिहिले आहे.

आधी फ्लॅश गॉर्डन कोण ते सांगते, कारण त्या दिवशी कोणालाच कळले नाही. एका आजोबांना तर वाटले मी पाणपोई झाले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते. मामाकडे रद्दी येते. रद्दी बांधताना एका गठ्ठ्यात तीन पातळ रंगीत पुस्तके निघाली. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. वर लिहिले होते इंद्रजाल कॉमिक्स. दोन वेताळाची होती आणि एक फ्लॅश गॉर्डनचे. मामा म्हणाला, "घे तुला. तशीही ती किलोवरच जाणार." गुरुजींना दाखवली तर ते खूश झाले. त्यांनी ती लहानपणी वाचली होती. ते म्हणाले की इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले, मराठीतही निघत असे आणि १९९० साली बंद पडले.

फ्लॅश गॉर्डन मूळचा अमेरिकेचा. अ‍ॅलेक्स रेमंड नावाच्या चित्रकाराने तो काढला. ७ जानेवारी १९३४ ला तो पहिल्यांदा तिथल्या वर्तमानपत्रात आला. तो, डेल नावाची मुलगी आणि शास्त्रज्ञ झारकॉव्ह असे तिघे रॉकेटमधून मोंगो नावाच्या ग्रहावर जातात. तिथे मिंग नावाचा दुष्ट राजा असतो. मंग लढाया होतात. आता गंमत बघा. खरा माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला तो १२ एप्रिल १९६१ ला, युरी गागारिन. म्हंजे फ्लॅश गॉर्डन त्याच्या २७ वर्षे आधीच जाऊन आला! चित्रकाराने खरा अंतराळ पोशाख पाहिलाच नव्हता, कारण तो तेव्हा नव्हताच. त्याला मनानेच काढावा लागला. गुरुजी म्हणाले, "मग तू पण मनानेच कर."

वेशभूषेत दरवर्षी आमच्या वर्गातल्या मुली जिजाऊ किंवा सावित्रीबाई होतात. मी दोन वर्षे जिजाऊच होते. मुलीने फ्लॅश गॉर्डन व्हायचे का, असे एका मुलाने विचारले. गुरुजी म्हणाले, डोक्यावर गोल घातल्यावर आत कोण आहे ते कुठे कळते.

आता पोशाखाचे.

मामाचे दुकान म्हंजे पत्र्याची शेड आहे. आमच्या गावाहून बसने नगर रस्त्याने तिथे जायला पाऊण तास लागतो. आजी सांगते की ती लग्न होऊन आली तेव्हा खराडी साधे गाव होते आणि लोक मुळामुठेवर धुणे घेऊन जात. आता खराडी पुणे महानगरपालिकेत आहे. इऑन आयटी पार्कच्या काचेच्या उंच इमारती आहेत. तिथले एखादे ऑफिस हलले की जुने कीबोर्ड, वायरी, खोकी, पाइप असे सामान भंगारात निघते आणि ते मामासारख्यांकडे येते. मामाला प्रत्येक वस्तू कशाची आहे ते माहीत असते. तो चुंबक लावून सांगतो, हे लोखंड, हे नाही.

सगळ्यात अवघड काम डोक्याच्या गोलाचे. मी आधी फुगा फुगवून त्यावर कागदाचे तुकडे खळीने चिकटवले. टोपी झाली, पण तिच्यातून दिसेना. मंग मी प्लॅस्टिकची पिशवी घेतली, तर मामीने हातातून हिसकावून घेतली आणि मला एक धपाटा दिला. पिशवी तोंडाला चिकटून माणूस गुदमरतो. ती कोणीही डोक्यात घालू नये, लहान भावंडांना पण घालू देऊ नये.

मामा काही बोलला नाही. शेडमधून तो पाण्याचा फुटका जार घेऊन आला. ऑफिसात उलटा लावतात तो, वीस लिटरचा, निळसर. तळाला चीर होती म्हणून भंगारात आलेला. आम्ही सुतळीने मापे घेतली. माझ्या डोक्याचा घेर ५२ सेंटिमीटर, जारचा घेर ८५. म्हंजे डोके आत जाऊन चारी बाजूंनी जागा राहते. मामाने आरीच्या पात्याने जारचा तळ कापला. कापलेली कड फार धारदार होती, म्हणून त्याने सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून त्या कडेवर बसवली. ती खांद्याला पण मऊ लागते. जारचे तोंड आता वर आले. त्यावर टोपण लावले की चित्रातल्यासारखा गोल दिसतो. मंग मामाने खिळा तापवून मागच्या बाजूला, कानांच्या मागे, बारा भोके पाडली. मी म्हणाले, "मामा, चित्रात भोकं नाहीत." तो म्हणाला, "चित्रातल्याला श्वास घ्यावा लागत नाही, तुला लागतो."

अंगात दादाचा लाल, लांब बाह्यांचा टी-शर्ट घातला. त्यावर कबड्डीच्या सामन्याचे नाव छापले होते म्हणून उलटा घातला. आजीच्या जुन्या परकराचे पाठीवरचे वस्त्र केले. कंबरेला मोडक्या गाडीचा सीटबेल्ट बांधला. त्याचे खटके अजून चालते, दाबले की टक् करून उघडते. ते मला सगळ्यात जास्त आवडले होते.

पायात बाबा रात्री पिकाला पाणी धरताना घालतात ते गमबूट. ते लई मोठे, म्हणून आत कापड कोंबले. त्यांना चंदेरी कागद चिकटवायला मी फेव्हिकॉल लावले. सकाळी बघते तर सगळा कागद गळून खाली. पांढरे फेव्हिकॉल कागदाला, लाकडाला धरते, कारण त्यातले पाणी त्या वस्तूत मुरते आणि मंग ते वाळते. रबरात पाणी मुरत नाही. मामाने एसीच्या पाइपला लावतात ती चंदेरी चिकटपट्टी दिली. ती लगेच बसली.

छातीवरची पेटी खोक्याच्या पुठ्ठ्याची. तिला कीबोर्डची बटणे लावली. ऑफिसच्या कीबोर्डवर मराठी अक्षरे नव्हती म्हणून फक्त एफ आणि जी मोठी वर लावली, बाकीची खाली कशीही. पेटीपासून गोलापर्यंत कपडे धुण्याच्या यंत्राची पाण्याची नळी. हातातले किरण सोडायचे पिस्तूल म्हंजे केस वाळवायचे बंद पडलेले यंत्र. मामीने ते लगेच ओळखले, कारण ते तिचेच होते. सगळा खर्च झाला तो दोऱ्याचा.

गुरुजींनी आम्हाला खऱ्या पोशाखाची पण माहिती दिली. ती ऐकून मला फ्लॅश गॉर्डनचे थोडे हसू आले. अंतराळात हवा नाही, म्हंजे वारा नाही. त्याच्या पाठीवरचे वस्त्र तिथे फडफडणार कसे? अंतराळ स्थानकाबाहेर जाताना अमेरिकेचे अंतराळवीर जो पोशाख घालत आले आहेत, त्याचे पृथ्वीवर वजन सुमारे १२७ किलो भरते. म्हंजे गव्हाची अडीच पोती. तिथे गेल्यावर भार जाणवत नाही. तो पांढरा असतो, म्हणून उन्हाने कमी तापतो. डोळ्यांसमोरच्या झडपेवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, तो उन्हापासून डोळे वाचवतो. आणि आत अंगाला लागून एक कपडा असतो, त्यात बारीक नळ्या शिवलेल्या असतात, सुमारे ९० मीटर लांबीच्या! त्यातून गार पाणी फिरते. आमच्या कांद्याला ठिबकच्या नळ्या आहेत तसेच, पण ठिबकचे पाणी बाहेर पडते आणि याचे आतल्या आत फिरते. पाठीवरच्या पेटीत प्राणवायू असतो आणि आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा डबाही असतो. माझ्या पेटीत फक्त बटणे होती.

आता २६ जानेवारीचे सांगते. आदल्या रात्री मला वाटले की ती बारा भोके वाईट दिसतात. लोकांना कळेल की हे भंगार आहे. वर्गातले एक जण आधीच म्हणाले होते, "भंगारातला हिरो." म्हणून मी सगळ्या भोकांवर चंदेरी पट्टी लावली. मामाला सांगितले नाही. वरचे टोपण पण घट्ट लावले. मानेभोवती आजीचे वस्त्र गुंडाळले, म्हणून खालून पण हवा येईना.

सकाळी थंडी होती. माझे नाव पुकारले. मी स्टेजवर गेले आणि चार वाक्ये बोलायची तर दोन वाक्यांतच समोर सगळे पांढरे झाले. माणसे दिसेनात, झेंडा दिसेना. तोंडावर गरम गरम वाटू लागले. मी पिस्तूल टाकून दिले आणि गोल काढायला लागले, तर नळी अडकली. लोक हसत होते. तेवढ्यात मामा खालून वर चढला आणि त्याने पहिल्यांदा टोपण फिरवून काढले, मंग गोल उचलला. बाहेरची हवा तेव्हा लई गार लागली.

नंतर गुरुजींनी वर्गात पाटीवर 'हाऽ' करून दाखवले. पाटी ओली झाली. आपल्या श्वासात पाण्याची वाफ असते. गार पाटीला किंवा गार प्लॅस्टिकला लागली की तिचे बारीक थेंब होतात. भोके बुजवली म्हणून वाफ बाहेर गेली नाही. शिवाय मी सोडलेलीच हवा परत घेत होते, म्हणून जीव घाबरला. जास्त वेळ तसे राहिले असते तर चक्कर आली असती.

गुरुजींनी सांगितले की हे खऱ्या अंतराळवीराला पण झाले आहे. १९६६ च्या जून महिन्यात जेमिनी ९ यानातून जीन सरनन बाहेर पडला. काम इतके अवघड होते की त्याला फार घाम आला, त्याचा पोशाख हवेने गार होत होता आणि ती हवा पुरेना. त्याच्या तोंडासमोरची काच धुक्याने भरली. आत हात घालून पुसता येत नाही. तेव्हा त्याने नाकाच्या शेंड्याने काच घासून थोडी जागा साफ केली आणि तेवढ्यातून बघितले. काम अर्धे सोडून त्याला यानात परत यावे लागले. तोच सरनन पुढे १९७२ साली चंद्रावर चालला. हे ऐकल्यावर वर्गात मला कोणी हसले नाही, पण दोन दिवस सगळे पाटीवर नाक घासत होते.

खोटे मी बोलले ते स्टेजवरून उतरल्यावर. एका पाहुण्या बाईंनी कौतुकाने विचारले आणि माझ्या तोंडून भाड्याने असे गेले. मामा माझी पेटी आणि नळी हातात घेऊन उभा होता. त्याच्या शर्टाला ग्रीस लागलेले होते. तो काही बोलला नाही. टेम्पो त्याने शाळेपासून लांब, पाराजवळ लावला होता. तिथपर्यंत चालताना त्याने एकच विचारले, "भोकं का बुजवलीस?" मी सांगितले, "वाईट दिसत होती." तो "बरं" म्हणाला.

पहिला नंबर वासुदेव झालेल्या मुलाचा आला. तो खरेच छान गायला.

पुढच्या रविवारी मी खराडीला गेले आणि मामाला सांगितले की मी सगळे खरे लिहिणार आहे. तो तांब्याची तार सोलत होता. म्हणाला, "लिही. पण जार आरीनं कापायचा आणि मोठ्या माणसानं कापायचा, हे आधी लिही. नाहीतर पोरं घरी इळीवर बसतील." तर मी ते लिहिले. गोल आता आमच्या वर्गात कपाटावर ठेवला आहे. भोकांवरच्या पट्ट्या मी काढल्या, टोपण मामाने ठेवून घेतले. ज्याला घालून बघायचा असेल त्याने गुरुजींना विचारून घालावा.

मामा शनिवारी हे वाचायला येणार आहे. त्याला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिले आणि माझ्या लेखाला जास्त कागद लागले. ज्यांची चित्रे त्यामुळे खालच्या ओळीत गेली त्यांनी रागावू नये.

— इयत्ता चौथी