न बोललेलं व्याख्यान

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्टाव्या घरापर्यंत जाता जाता राजाची कोठारं रिकामी होतात. आज त्या पटाला आणखी तीन घरं जोडू या. ६७ घरांतले सारे दाणे मिळून होतात १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे सुमारे १४ लाख ७५ हजार कोटी कोटी!

फ्रान्समधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच पूर्ण भाग जात नाही, अशी. पुरावा दिला नव्हता, पण एवढा भागाकार करून बघणार कोण? १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी एका युक्तीने दाखवलं, की ही संख्या मूळ नाही. मात्र तिला भाग कशाने जातो, हे त्या युक्तीतून कळत नव्हतं. माठ गळतो हे समजलं. चीर कुठे, ते दिसेना.

ती चीर सापडली १९०३ मध्ये. ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कला अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांचं व्याख्यान होतं. सांगतात ते असं, की कोल फळ्याकडे गेले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी आधी ही संख्या लिहिली. मग शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला. उत्तर तेच आलं. ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. आम्हा कवींना शब्द खर्चूनही एवढी दाद क्वचित मिळते!

हे शोधायला किती वेळ लागला, असं कुणी विचारलं तेव्हा कोल म्हणाले म्हणे, की तीन वर्षांचे रविवार. ते पटण्यासारखं आहे. या संख्येच्या प्रत्येक विभाजकाला १३४ ने भागलं तर बाकी एक उरते, हा नियम आधीपासून माहीत होता. पण तशा संख्या ओळीने घेत गेलं, तर कोल यांची लहान संख्या १४४५५८० व्या क्रमांकावर येते. म्हणून त्यांनी आणखी बारीक चाळण्या लावल्या. गुणाकार तासाभराचा, तो उलटा सोडवणं वर्षांचं. शेकडो आकडी संख्यांमधल्या याच अडचणीवर १९७७ पासून संगणकातल्या गुप्त संदेशांची कुलपं बेतली गेली. कोल यांची संख्या मात्र आजचा संगणक पापणी लवायच्या आत फोडतो.

घरी ताळा करायचा असेल, तर तिन्ही संख्यांतल्या आकड्यांची बेरीज करा. ३७, ६४ आणि १०९ येतात. पुन्हा बेरीज करत गेलं, की तिन्हींचा शेवट एकावर होतो. हा पुरावा नव्हे, पण चूक बहुधा पकडली जाते. मी कागदावर पूर्ण गुणाकार केला, तेव्हा माझा शेवट दोनावर झाला. एक हातचा जास्त धरला होता.