ली-एन्फील्ड बंदुकीची काडतूसपेटी

मॅगझिन या शब्दाचा इंग्रजींतील जुना अर्थ कोठार, विशेषतः दारूकोठार, असा आहे; बंदुकीच्या काडतूसपेटीस तें नांव मागाहून मिळालें. म्हणून जुन्या लष्करी कागदांत तो शब्द आल्यास अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो. येथें आम्ही ली-एन्फील्ड बंदुकीच्या पेटीचा विचार करीत आहोंत. काडतूस अडकतें असें दिसतांच कित्येक संग्राहक या पेटीचे ओठ कानशीनें घासतात किंवा पकडीनें वांकवितात. आमच्या मतें ही घाई होय. दोष पुष्कळदां लोखंडांत नसून काडतुसांच्या क्रमांत असतो, आणि घासून गेलेला पुरावा पुन्हां मिळत नाहीं.

जेम्स पॅरिस ली याची पेटी इंग्रज सरकारनें इ. स. १८८८ मध्यें ली-मेटफर्ड बंदुकीसाठीं स्वीकारली. प्रथम तींत आठ काडतुसें एका रांगेंत राहत. १८९२ च्या नमुन्यांत दहा काडतुसें दोन रांगांत बसूं लागलीं. १८९५ च्या ली-एन्फील्डमध्यें दहांचीच पेटी पुढें चालली.

अडचणीचें मूळ .३०३ मापाच्या काडतुसाच्या बुडाशीं आहे. तेथें बाहेर आलेला एक कांठ असतो. वरच्या काडतुसाचा कांठ खालच्याच्या कांठापुढें असल्यास बोल्टनें ढकलतांच तें मोकळें निघतें. तो मागें राहिल्यास वरचें खालच्यास अडकतें व बोल्ट थांबतो. मग स्प्रिंग कितीहि चांगली असो. रशियानें १८९१ च्या मोसिन बंदुकींत वरचें काडतूस खालच्यांपासून वेगळें धरणारा तुकडा बसविला. जर्मनांच्या माउझर काडतुसास बाहेर आलेला कांठच नसल्यानें हा प्रश्न तेथें उद्भवला नाहीं. इंग्रजांनीं कांठ ठेवला आणि भार भरणाऱ्याच्या हातावर टाकला.

परीक्षा करणाऱ्यानें प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी व निकामी केलेलीं काडतुसेंच वापरावीं. प्रत्येक वरचा कांठ खालच्याच्या पुढें ठेवून पेटी भरावी. एवढ्यानें अडथळा गेला तर पेटीस हात लावूं नये. न गेल्यास पेटी काढून आंतील वाळलेलें तेल व गंज पाहावा. काडतुसांखालची पट्टी दाबून ती सरळ वर येते कीं नाहीं हें तपासावें. शेवटीं दोन्ही ओठ पाहावे. काडतूस व पेटी एकाच काळचीं आहेत काय हेंहि पाहणें अवश्य, कारण मार्क सहाची गोळी बोथट तर १९१० च्या मार्क सातची टोंकदार आहे.

पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याचीं के. एफ. हीं अक्षरें काडतुसाच्या बुडावरच, त्या कांठाच्या आंत, उठविलेलीं असतात. ज्या बुडानें बंदूक अडते तेंच तिच्या काडतुसाचें जन्मस्थान सांगतें. पोथीवरील हरताळ खरवडण्यापूर्वीं आपण त्याखालीं काय असेल याचा विचार करतों. कानस उचलण्यापूर्वींहि तोच विवेक असावा.