घामाची लाज नको, धुण्याचा आळस नको

पहाटे पाच वाजता बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. आष्टी-पाटोद्याकडे असो की गेवराई-माजलगावकडे, अंधारातून धापा टाकत येणारी मुले-मुली दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठी पळतो, कोणी सैन्यासाठी. कित्येकांचे आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर गेलेले असतात आणि पोरगं आजीजवळ राहून तयारी करत असतं. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. या मैदानी परीक्षेत एकेका गुणाला किंमत आहे. आपल्या वस्तीतील मुलांना नोकरीचा हा एक खुला रस्ता दिसतो, म्हणून ती जीव तोडून पळतात.

अशीच आमच्या वस्तीतील एक मुलगी रोज मैदानावर जायची. मध्येच आठ-दहा दिवस ती दिसली नाही. विहारात भेटली तेव्हा आम्ही विचारले, "का गं, पळणं बंद केलंस?" आधी काही बोलेना. मग खाली मान घालून म्हणाली, "काका, माझ्या कपड्यांचा वास येतो म्हणून पोरी बाजूला सरकतात. एकीनं आडनाव विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाली, 'तरीच!'"

वाचक बंधू-भगिनींनो, हा 'तरीच' आमच्या काळजात रुतून बसला. एका शब्दात केवढा मोठा इतिहास भरलेला आहे! म्हणून आज कौटुंबिक पानावर आम्ही घामाच्या कपड्यांवर लिहीत आहोत. विषय क्षुल्लक वाटेल, पण त्या मुलीचे मैदान त्यानेच सुटले होते.

वास जातीचा नसतो

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. अंगभर येणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेत आणि जांघेत निराळ्या ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ असतात. कातडीवरचे सूक्ष्म जंतू हे पदार्थ खाऊन फोडतात आणि त्यातून वास निर्माण होतो. हे जंतू राजाच्या अंगावर असतात आणि रंकाच्याही. ते आडनाव विचारून बसत नाहीत.

मग त्या मुलीच्याच कपड्यांना वास का? कारण सोपे आहे. तिच्याकडे टी-शर्ट आणि ट्रॅक पँट यांचा एकच जोड, तोही पॉलिएस्टरचा. आज बाजारात मिळणारे बहुतेक खेळाचे कपडे याच धाग्याचे असतात. वजनाला हलके, लवकर वाळणारे, म्हणून पळायला चांगले. पण या धाग्याचा एक गुण ध्यानात घेतला पाहिजे. तो पाणी पीत नाही, मात्र तेलाला धरून बसतो. अंगाचा तेलकटपणा त्याला चिकटतो आणि साध्या खळबळण्याने निघत नाही. सुती कापड घाम आत शोषून घेते, त्यामुळे ते ओले आणि जड होते, पण वास कमी सोडते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली याची परीक्षा केली. २६ जणांना टी-शर्ट घालून जोराची सायकल चालवायला लावली आणि नंतर ते टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टचा वास सुती टी-शर्टपेक्षा अधिक उग्र निघाला आणि वास करणारे एका जातीचे जंतू पॉलिएस्टरवर जास्त वाढलेले दिसले. तेव्हा दोष धाग्याचा, जंतूंचा आणि धुण्याच्या पद्धतीचा. जातीचा तर मुळीच नाही.

बहिणींनी धुतलेले कपडे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात आपल्या साताऱ्यातील बालपणाची हकीकत सांगितली आहे. गावात धोबी होते, घरात धोब्याला द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याचे कपडे कोणी धोबी धुवायला तयार नव्हता, म्हणून घरातले सगळे कपडे बहिणींना धुवावे लागत. ज्या समाजाने आम्हाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, धोबी मिळू दिला नाही, त्याच समाजाने पुन्हा आम्हाला अस्वच्छ म्हणून हिणवले. पाणी अडवायचे आणि वर घाण म्हणायचे, हा कुठला न्याय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले ते या अन्यायाविरुद्ध. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आपल्या मायबहिणींना स्वच्छ आणि नीटनेटके राहण्याचा उपदेश केला. ही स्वच्छता दुसऱ्याच्या मेहरबानीसाठी सांगितलेली नव्हती, ती आपल्या स्वाभिमानासाठी होती.

भगवान बुद्धांचा प्रसंगही आपण विहारात ऐकतो. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हाताने धुतले. बुद्धांनी त्या भिक्खूला टाकले नाही. वास येतो म्हणून मुलीपासून दूर सरकणाऱ्यांनी आणि 'जा, आधी धुऊन ये' म्हणणाऱ्या आपल्यातल्या शहाण्यांनीही हे लक्षात ठेवावे.

मांडव्याचा धावपटू

घामाची किंमत काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. शेतकरी कुटुंबातला मुलगा, शाळेला कित्येक किलोमीटर पायी जाणारा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तोही महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात त्याने नोकरी केली. पुढे ३००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत त्याने धरली. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक फक्त ०.०५ सेकंदाने हुकले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. योगायोग पाहा, महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला उभी राहिली तीही १ ऑक्टोबरलाच, १९४१ साली. तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पाण्याला तरसणाऱ्या आष्टी तालुक्याचा मुलगा पाण्यावरून उड्या मारत जगात गाजला! ओले बूट, भिजलेले मोजे, घामाची बनियन हा या खेळाडूंचा रोजचा संसार असतो. तेव्हा घामाने भिजलेला सदरा ही कष्टाची निशाणी आहे, लाजेची नव्हे. फक्त तो कसा धुवावा हे शिकायचे.

धुण्याची रीत

१. मैदानावरून आल्याबरोबर कपडे बाहेर काढा. ओला गोळा करून पिशवीत किंवा कोपऱ्यात टाकू नका. दमट आणि उबदार जागेत जंतू झपाट्याने वाढतात. लगेच धुणे होत नसेल तर निदान दोरीवर पसरून ठेवा.

२. कपडा उलटा करा. घाम, तेल आणि मेलेली कातडी आतल्या बाजूला असते, साबण तिथे पोचला पाहिजे.

३. काखेचा आणि कमरेचा भाग आधी ओला करून तिथे थोडी पावडर हाताने चोळा. ब्रशने घासू नका, दगडावर आपटू नका, फार पिळू नका. ताणणारा धागा तुटतो आणि कपडा लोंबतो.

४. कोमट पाण्यात, हाताला सोसवेल इतक्याच, अर्धा तास भिजवा. उकळते पाणी पॉलिएस्टरला आणि इलॅस्टिकला घालू नका. जाड सुती मोजे आणि टॉवेल मात्र कडक पाण्यात भिजवले तर चांगले.

५. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोअरचे जड पाणी. त्यात साबणाची वडी फेसाळत नाही, उलट पांढरा साका कपड्यावर बसतो आणि त्यात वास अडकतो. अशा पाण्यात वडीपेक्षा पावडर बरी. पाणी फारच जड असेल तर चमचाभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवा, पण हाताला झोंबतो म्हणून नंतर हात स्वच्छ धुवा.

६. पावडर जास्त घातली म्हणजे कपडा जास्त स्वच्छ होतो, हा गैरसमज आहे. दोन कपड्यांना लहान चमचाभर पुरते. जास्तीची पावडर निघत नाही, धाग्यात राहते आणि मळ धरते. सुगंधी कंडिशनर तर खेळाच्या कपड्याला लावूच नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, घाम बाहेर जाणे थांबते आणि वास आत कोंडतो.

७. जुना वास जातच नसेल तर अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. व्हिनेगर नसेल तर दोन चमचे खाण्याचा सोडा घालून तास-दोन तास भिजवा. दोन्ही एकत्र घालू नका, एकमेकांचा गुण मारतात.

८. सावधान: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी व्हिनेगरमध्ये किंवा संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. रंगीत आणि ताणणाऱ्या कपड्यांना ब्लीच वापरूच नका.

९. वाळवताना कपडा उलटाच ठेवा, वारा खेळेल अशा जागी. सकाळचे कोवळे ऊन उत्तम. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. रात्रीचा दमट कपडा सकाळी पुन्हा अंगात घातला की घाम येताच जुना वास उठतो.

१०. बुटांचे आतले तळवे काढून वेगळे वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओलावा शोषला जातो. मोजे रोज बदला. दोन जोड असले की काम भागते.

पाण्याचा हिशेब

१९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकला आणि २०१६ चा उन्हाळा स्वतः भोगला. घागरीने पाणी मोजणाऱ्या घरात 'रोज धुवा' म्हणणे सोपे नाही. आम्ही पेशाने कारकून, हिशेबाची सवय. हा हिशेब पाहा. घामाचा एक जोड धुवायला तीन वेळा पाव-पाव बादली पाणी पुरते. एकदा भिजवायला, दोनदा खळबळायला. शेवटचे खळबळलेले पाणी फेकू नका, तेच दुसऱ्या दिवशी भिजवायला वापरा. भिजवलेले मळके पाणी अंगण किंवा मोरी धुवायला. साबण-पावडर नसेल त्या दिवशी नुसत्या पाण्यात खळबळून वाळवले तरी घामाचे मीठ निघून जाते आणि जंतूंचे खाद्य कमी होते.

लाजेने रोग वाढतो

मुलींची अडचण आणखी निराळी. आतले कपडे आणि पाळीची कापडे बाहेर वाळवायला लाज वाटते, म्हणून त्या ती ओढणीखाली किंवा खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकतात. ती धड वाळत नाहीत. त्यातून खाज आणि नायटा होतो. नायटा एकाच्या टॉवेलातून घरभर फिरतो. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत. नायटा झाला तर दुकानातून कोणतेही मलम आणून लावू नका. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि मग रोग अधिक पसरतो. सरकारी दवाखान्यात दाखवा. आयांनो, पोरींच्या कपड्यांना दोरीवर उन्हात जागा द्या. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनो, एक गोष्ट तुम्हाला. १६०० मीटर पळणाऱ्याच्या हातात आपला टी-शर्ट धुण्याइतके बळ नक्कीच असते. बाबासाहेबांच्या बहिणींना कपडे धुवावे लागले ते समाजाच्या अन्यायामुळे. तुमच्या बहिणीला तुमचा घाम धुवावा लागतो तो कोणाच्या अन्यायामुळे? त्या मुलीच्या घरी आम्ही चौकशी केली तेव्हा कळले, भावाचे कपडे आधी धुतले जायचे आणि उरलेल्या पाण्यात तिचे. तिचा जोड रात्री उशिरा धुतला जायचा आणि सकाळी ओलसरच अंगात चढायचा. वासाचे मूळ हे होते.

विहाराच्या मागच्या भिंतीला आम्ही दोन दोऱ्या बांधल्या आहेत, धावणाऱ्या मुला-मुलींच्या कपड्यांसाठी. वर्गणीतून त्या मुलीला दुसरा जोड घेतला. भाऊ आता स्वतःचे कपडे स्वतः धुतो, पहिले चार दिवस कुरकुरला, नंतर सवय झाली. गेल्या भरतीत ती थोड्या गुणांनी मागे राहिली. पण मैदान तिने सोडलेले नाही.

परवा पहाटे ती पळून आली. घामाने चिंब झाली होती. आम्हाला पाहून दूर उभी राहिली नाही. जवळ येऊन म्हणाली, "जय भीम काका! आज वेळ कमी लागला."

आपल्या वस्तीतही अशी एखादी मुलगी असेल. तिला शोधा, तिच्यासाठी एक दोरी बांधा.

जय भीम!